निघण्याचा दिवस

मराठी पुस्तकांतला मामाचा गाव बहुधा खेडे असतो. शहरातली मुले आगगाडीत बसून तिथे जातात, विहिरीत डुंबतात, आंबे खातात आणि सुटी संपली की शहराकडे परततात. आमच्या वाट्याला हे सारे उलट आले. आम्ही सौंसरचे आणि आमचे मामा नागपूरचे. संत्र्यांच्या बागा आणि कपाशीची शेते मागे टाकून आम्ही उन्हाळ्यात महालातल्या दुमजली वाड्यात राहावयास जात असू. महाराजबागेतला वाघ, बुर्डीवरची गर्दी, इतवारीतली सराफांची दुकाने हेच आमचे आजोळ. त्यामुळे सुटीच्या अखेरच्या दिवशी आमच्या मनात जो कालवाकालव होई तो शहर सोडण्याचा असे. मामेभावंडांना हे कधी उमगले नाही. तुमच्याकडे संत्री फुकट मिळतात, मग रडता कशाला, असे ती विचारीत.

त्या काळी हा प्रवास लहान गाडीने होई. बंगाल नागपूर रेल्वेने १९१३ साली नागपूर–छिंदवाडा हा अडीच फूट रुंदीचा मार्ग सुरू केला, तो आमच्या बालपणीही तसाच होता. इतवारी स्थानकावरून निघून पाटणसावंगी, सावनेर, केळवद, लोधीखेडा करीत गाडी सौंसरास येई. अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आतले. पण गाडीला कसली घाई नसे. निघण्याच्या दिवशी पहाटेपासून आजीचे स्वयंपाकघर जागे होई. दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, कैरीचे लोणचे आणि आमच्या हट्टाखातर सांबारवडी अशी शिदोरी बांधली जाई. (पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे की आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) देवापुढे उभे करून आजी तळहातावर दही घाली. ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, ही ताकीद दर वर्षी मिळे. आणि आईची ओटी भरली जाई.

आईच्या रडण्याचेही एक वेळापत्रक असे. इतवारीला गाडी हलली की तिचा पदर डोळ्यांशी जाई आणि सावनेरपर्यंत तो तिथेच राही. वडील शेजारी बसून वर्तमानपत्राची एकच घडी पुनःपुन्हा वाचीत. केळवद आले की आई खिडकीतून हात बाहेर काढून तांब्यातल्या पाण्याने तोंड धुई, कुंकू सारखे करी आणि आम्हां भावंडांना शिदोरी वाढू लागे. पुढच्या स्थानकापासून सासर सुरू, असा तिचा हिशेब होता. तो हिशेब नकाशाच्याही आधाराने बरोबर होता, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी कळले.

हे सारे आता आठवण्याचे कारण म्हणजे २०२४ सालची ३१ मे ही तारीख. मध्य प्रदेशातल्या सरकारी शाळांच्या विद्यार्थ्यांना १५ जूनपर्यंत सुटी असली तरी शिक्षकांची सुटी ३१ मे रोजी संपते. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरच्या आठवड्यात उघडतात. म्हणजे नागपुरातला आमचा मामेभाऊ, जो स्वतःही शिक्षक आहे, तो अजून तीन आठवडे लोळणार आणि आम्ही ऐन नवतप्यात गाठोडी बांधणार. असो. नोकरी जिथली, तिथले पंचांग.

त्या दिवशी सकाळी चौऱ्याऐंशी वर्षांचे मामा ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचीत होते. आदल्या दिवशी, ३० मे रोजी, रामदासपेठेतल्या हवामान खात्याच्या स्वयंचलित यंत्राने ५६ अंश तापमान दाखविले होते आणि शहरभर त्याचीच चर्चा होती. यंत्रातच दोष होता, असा खुलासा पुढे खात्याने केला. खरे तापमान पंचेचाळिसाच्या आसपास होते. मामांनी मात्र तो आकडा मोठ्याने वाचून दाखविला, चष्मा काढला आणि आईला म्हणाले, “बेबी, छप्पन्न म्हणते. आज काऊन जातेस? राहा ना दोन दिवस.”

आई तेव्हा ऐंशी वर्षांची होती. तिला बेबी म्हणणारे एवढे एकच माणूस आता उरले आहे.

दोन दिवस राहण्यासारखे होते. पण पाच दिवसांनी वाडा रिकामा करावयाचा होता. बडकस चौकाच्या मागच्या गल्लीतला तो वाडा सहा वाटेकऱ्यांनी एकमताने विकसकास दिला. एकमत व्हावयास अकरा वर्षे लागली. आम्ही यावर कोणासही बोल लावीत नाही. माडीची तुळई वाळवीने पोखरली होती, पावसाळ्यात तीन खोल्यांत घमेली ठेवावी लागत आणि मामींचे गुडघे तो जिना चढण्यास केव्हाच नकार देऊन बसले होते. याच माडीवर बसून आम्ही दोन वर्षे मराठीच्या एम.ए.चा अभ्यास केला. खाली मामा आणि त्यांचे स्नेही राजकारणावर भांडत, वर आम्ही भाषाशास्त्र पाठ करीत असू. नागपूर विद्यापीठाची ती पदवी घेऊन आम्ही मध्य प्रदेशात हिंदी माध्यमाच्या शाळेत रुजू झालो, आणि ती पदवी घरातल्या घरात वापरीत आलो आहो.

आईबरोबर त्या वर्षी आम्ही दोघे पतिपत्नी आणि धाकट्या भावाची दहा वर्षांची मुलगी, असे चौघे होतो. मुलगी सौंसरातल्या शाळेत हिंदी आणि इंग्रजी शिकते. घरी मराठी बोलते, परंतु वाचताना अडखळे. मामांनी वीस दिवस तिला ओट्यावर बसवून रोज वर्तमानपत्राचे मथळे वाचावयास लावले. तिची सर्वांत मोठी अडचण ‘ळ’ ही होती. तोंडात अक्षर होते. डोळ्यांना ओळखीचे नव्हते. मामांनी युक्ती काढली. रस्त्याने जाताना पाटीवर जिथे ‘ळ’ दिसेल तिथे ओरडायचे. शंभर झाले की बक्षीस.

निघण्यापूर्वी सकाळच्या उन्हात तिला घेऊन आम्ही मोतीबागेतल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात गेलो. १४ डिसेंबर २००२ रोजी उघडलेले हे संग्रहालय नागपूरकरांनाही फारसे ठाऊक नाही. लहान रुळांवरची वाफेची इंजिने, जुने डबे, कंदील, तिकिटे, घंटा, सारे नीट जपले आहे. एका डब्यापाशी आम्ही उभे राहिलो. लाकडी बाक, खिडकीच्या खाली सरकणाऱ्या फळ्या. मुलीने विचारले, “मोठे बाबा, ही गाडी सौंसरला जाते का?”

जात असे, म्हणून सांगितले. २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली. रूळ उखडले, रुंद रूळ पडले, आणि २०२१ पासून मोठी गाडी इतवारीहून सौंसरमार्गे छिंदवाड्यास जाऊ लागली. ती चांगली आहे, वेगवान आहे. गावाची सोय झाली. आम्हांला त्या दिवशी तिची वेळ जमत नव्हती, म्हणून बसने जाणार होतो. मुलगी तोवर बाहेरच्या पाटीवर ‘वेळ’ सापडल्याच्या आनंदात होती. तिचा तो एकाहत्तरावा ‘ळ’.

परतताना बुर्डीवर थांबून बालभारतीचे चौथीचे पुस्तक घेतले. त्या दिवसांत महाराष्ट्रातली पाठ्यपुस्तके चार भागांत निघत आणि धड्याधड्यांमागे लिहिण्यासाठी कोरी पाने जोडलेली असत. दप्तराचे ओझे कमी व्हावे हा हेतू. पुढे २०२५ मध्ये सरकारने ही पाने काढून टाकली. मास्तर म्हणून आमचे मत विचाराल तर छापील पुस्तकात मुलांनी लिहू नये; पण त्या कोऱ्या पानांचा आम्हांला जो उपयोग झाला तो पुढे सांगू.

दुपारी जेवणे झाली. मग मामांनी आईला विचारले, “काय नेशील?”

वाड्यातल्या वस्तूंची वाटणी झालेली होती. पितळेची भांडी, शिसवी पेटी, झोपाळ्याच्या कड्या यांना धनी मिळाले होते. आईने काही मागितले नव्हते. ती उठून मागल्या पडवीत गेली आणि वरवंटा घेऊन आली. आमच्याकडे बारशाला वरवंट्यास कुंची घालून पाळण्याखालून वरून फिरवितात. आईच्या बारशाला १९४४ साली हाच वरवंटा फिरला होता, तिच्या भावंडांच्याही. एवढा मला दे, ती म्हणाली.

मामा म्हणाले, “नुसता वरवंटा कसा नेशील? पाटाही घेऊन जा. जोडी मोडू नये.”

“दादा, तो पंधरा किलोचा आहे. मी काय डोक्यावर नेऊ?”

“हा नेईल ना,” असे म्हणून मामांनी आमच्याकडे बोट दाखविले. आम्ही त्या वेळी सत्तावन वर्षांचे होतो. तरीही त्या घरात ओझी उचलणारा भाचाच होतो. पाटा पोत्यात घातला, सुतळीने शिवला. वरवंटा आईने आपल्या पिशवीत, लुगड्याच्या घडीत ठेवला. तो सामानात द्यावयास ती तयार नव्हती.

निघण्याची वेळ झाली. मामींनी आईला पाटावर बसविले, साडी दिली आणि त्या थांबल्या. आमचे वडील २०११ साली गेले. तेव्हापासून निघताना आईला साडी मिळे. ओटी भरली जात नसे. कोणी नको म्हटले नव्हते. आई बसत नसे, मामी ताटाला हात लावीत नसत, आणि दोघीही बोलत नसत. तेरा वर्षे असेच चालले होते. त्या दिवशी मामा दारात काठी टेकून उभे होते. ते म्हणाले, “भर ओटी.”

मामींनी आईकडे पाहिले. आई म्हणाली, “वहिनी, राहू द्या.”

“भर म्हणतो ना,” मामा म्हणाले. “या घरातून पुन्हा कोण भरणार आहे?”

मामींनी तांदूळ, खण, नारळ आणले. हळदीकुंकवाची कोयरी त्यांनी उघडली नाही. ओटी मात्र पाच ओंजळींनी भरली. आईने पदर पसरून ती घेतली आणि बराच वेळ पदर तसाच धरून बसली. आमच्या पत्नीने मग हळूच त्याची गाठ मारून दिली. मामा तोपर्यंत ओट्यावर जाऊन पोत्याची सुतळी घट्ट आहे की नाही ते पाहत होते. “येतो” असे आम्ही म्हटले. “या,” ते म्हणाले, आणि कोठे या, ते आम्ही कोणीच विचारले नाही.

बस खाजगी होती. एके काळी आमच्या प्रदेशाचे राज्य परिवहन महामंडळ होते. या शतकाच्या पहिल्या दशकात ते मोडीत निघाले. वाहकाने पोते उचलून पाहिले आणि विचारले, “गुरुजी, इसमें क्या है?” पाटा आहे म्हटल्यावर तो मराठीत हसला. म्हणाला, “मिक्सर स्वस्त पडला असता जी.” भाडे त्याने घेतले नाही, फक्त पोते टपावर चढवावयास नकार दिला. ते आमच्या पायांशी राहिले आणि सौंसरपर्यंत प्रत्येक धक्क्यास आपले अस्तित्व दाखवीत राहिले.

उन्हे कलली होती तरी खिडकीतून भट्टीसारखा वारा येत होता. मुलगी पुस्तकाचे कोरे पान उघडून पेन्सिल घेऊन बसली. ‘फळांचा ताजा रस.’ ‘डाळ मिल.’ ‘शाळा पुढे आहे, वाहने हळू चालवा’ या एका पाटीवर तिला दोन ‘ळ’ मिळाले तेव्हा तिने आजीला हलवून जागे केले. ‘अपघाती वळण.’ सावनेरला रस्ते फुटतात. एक पांढुर्ण्याकडून बैतूलकडे जातो, दुसरा सौंसरकडून छिंदवाड्यास. आमची वाट दुसरी. केळवदची पाटी आली तेव्हा तिची संख्या अठ्ठ्याण्णव झाली होती. तिने ते नाव मोठ्या अक्षरांत लिहिले. रेल्वेच्या कागदांत याच गावास ‘केलोद’ म्हणतात, हे आम्ही तिला सांगितले नाही. खेळाच्या ऐन रंगात मास्तरकी करू नये.

केळवदनंतर सातनूर, आणि तिथे मध्य प्रदेश. लिपी तीच, पण पाट्यांची भाषा बदलते. वळणाचे मोड़ होते. मुलगी मान उंचावून बघू लागली. पाच मिनिटे, दहा मिनिटे. लोधीखेड्याचा फाटा मागे पडला. “मोठे बाबा, संपले का?” तिने विचारले.

या सीमेविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे, कारण नव्या पिढीस ती जणू आदिकाळापासून आहे असे वाटते. नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती, १९५० पासून मध्य प्रदेश राज्याचीही होती. सौंसरचा शेतकरी कचेरीच्या कामाला नागपुरास जाई. १९३६ पासून उच्च न्यायालयही नागपुरातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. राजधानी जवळजवळ तीनशे किलोमीटरवर भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला. आमची आजी, म्हणजे वडिलांची आई, हीसुद्धा नागपूरकडचीच. ती लग्न होऊन सौंसरास आली तेव्हा एकाच प्रांतात आली. आमच्या आईचे लग्न १९६४ चे. तिचे माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्यात. रस्ता तोच होता. आजारी माणसास आम्ही आजही नागपूरलाच नेतो, लग्नाचा बस्ताही तिथेच बांधतो.

आम्ही याबाबत रडगाणे गाणाऱ्यांपैकी नाही. मध्य प्रदेशाने आम्हांला नोकरी दिली, हिंदीने भाकरी दिली, आणि चांगली हिंदी शिकविण्याचा आम्हांस अभिमान आहे. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला, याचाही आनंद झाला. मराठी बोलणारे दोन शेजारी एका जिल्ह्यात आले. तरी नागपुरात कोणी ओळख करून दिली की समोरचा हमखास विचारतो, “पांढुर्णा? ते पोळ्याच्या पाडव्याला दगड मारतात तेच ना?” गोटमारीपलीकडे आमच्या गावात शाळा आहेत, संत्र्यांचा बाजार आहे आणि घरोघर मराठी बोलणारी माणसे आहेत, हे सांगेपर्यंत त्याची बस येते.

सौंसर जवळ आले. जामसावळीच्या मारुतीकडे जाणाऱ्या फाट्याशी मोठी पाटी आहे. निजलेल्या हनुमंताचे हे स्थान आता दूरवरच्या भाविकांस ठाऊक आहे. मुलीने पाटी वाचली, “जाम सांवली,” आणि पेन्सिल खाली ठेवली. तेवढ्यात आई डोळे न उघडताच म्हणाली, “सावळी आली वाटतं.”

मुलगी चमकली. “आजी, तू काय म्हणालीस?”

“सावळी.”

“पण पाटीवर ‘ल’ आहे.”

“पाटीवर असेल. मी साठ वर्षे सावळीच म्हणते.”

प्रकरण आमच्याकडे निवाड्यास आले. पाटीवर दिसेल तेच मोजायचे, असा मामांचा नियम होता. आम्ही मुख्याध्यापक, नियमाचे माणूस. शिवाय आमच्या स्वतःच्या शाळेच्या फाटकावर ‘शासकीय माध्यमिक शाला’ असे लिहिले आहे आणि त्या अक्षरांखालून आम्ही इतकी वर्षे ये-जा करीत आहो. आम्ही विचार केला आणि ‘ळ’ मान्य केला. नव्व्याण्णव झाले. मुलीने पुस्तकातल्या कोऱ्या पानावर ‘जामसावळी’ असे लिहिले, आणि शंभरावा कुठून आणायचा या विचारात ती सौंसरपर्यंत गप्प बसली.

आई मात्र त्या दिवशी केळवदला तोंड धुण्यासाठी उठली नव्हती. तांब्याही बरोबर नव्हता. घरी पोहोचल्यावर तिने हातपाय धुतले, ओटीतले तांदूळ डब्यात वेगळे ठेवले आणि नारळ देवापुढे ठेवला. रात्री जेवताना फारसे बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी १ जून. पांढुर्ण्यास जाऊन शाळेत हजर व्हावयाचे होते, म्हणून आम्ही पहाटे उठलो. अंगणात घासण्याचा आवाज येत होता. आईने पोत्याची सुतळी उसवून पाटा बाहेर काढला होता, धुऊन पुसून भिंतीशी मांडला होता, आणि ओली मिरची, लसूण, सांबार घेऊन ती ठेचा वाटीत बसली होती. मुलगी तिच्यासमोर उकिडवी बसून बघत होती. आम्ही आईस म्हटले, अगं, ऐंशी वर्षांची तू, कशाला हे? ती वरवंटा थांबवून म्हणाली, “याची धार गेली आहे रे. नुसता घसरतो. दादानं पाच-सहा वर्षं टाकी लावलेली दिसत नाही.”

सौंसरात आता टाकी लावणारा येत नाही. पूर्वी दारावरून ओरडत जात.

“पांढुर्ण्याला कोणी असेल,” ती म्हणाली. “विचार बरं. पोळ्याच्या आत व्हायला पाहिजे, पुरण वाटायचं आहे.”

तिने ठेच्याची एक वाटी आमच्या डब्यात भरून दिली. मुलीने दप्तरातून पुस्तक आणले, ‘पोळा’ हा शब्द कोऱ्या पानावर लिहिला आणि हा मोजायचा का म्हणून विचारले. पाटीवरचा नाही, म्हणून आम्ही म्हटले. पाट्यावरचा आहे, आई म्हणाली.

साडेदहाला आम्ही शाळेत पोहोचलो. हजेरीपत्रकावर सही केली, शिपायास पाणी आणावयास सांगितले आणि गावात कोणी पाट्यास टाकी लावणारा उरला आहे काय, याची चौकशी केली. स्टेशनच्या बाजूस एक म्हातारा बसतो, असे तो म्हणाला. पण उन्हाळाभर तो दिसला नव्हता.